'स्टँडऑफ' कुठे लिहावा, कुठे लिहू नये

(इंग्रजी बातमीलेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो,

'स्टँडऑफ' हा शब्द शब्दकोशात काढून बघा. पेच, कोंडी, तिढा असे अर्थ दिसतील. गडबड इथूनच सुरू होते. कारण 'डेडलॉक' काढला तरी हेच शब्द दिसतात, 'स्टेलमेट' काढला तरी हेच, आणि 'इम्पास' काढला तरी थोड्याफार फरकाने हेच. मग मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारा काय करतो? कोंडी झालीय ना, मग या चारांतला जो हाताला लागेल तो ठेवून देतो. त्यात 'स्टँडऑफ' कानाला जरा रुबाबदार, म्हणून तोच जास्त वेळा हाताला लागतो. पगारवाढीच्या बोलण्यांत स्टँडऑफ, जागावाटपात स्टँडऑफ, आता तर सोसायटीच्या पार्किंगवरूनही स्टँडऑफ!

मी व्याख्या सांगत बसत नाही, एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर १९६१, बर्लिन. ऑगस्टमध्ये भिंत घालायला सुरुवात झालेली. २२ तारखेला एक अमेरिकी मुत्सद्दी पत्नीला घेऊन पूर्व बर्लिनमधल्या नाट्यगृहाकडे निघाला. पूर्व जर्मनीच्या पहारेकऱ्यांनी गाडी अडवली आणि कागदपत्रं मागितली. महायुद्धानंतर बर्लिनचा कारभार चार विजेत्या राष्ट्रांकडे होता, तेव्हा या पहारेकऱ्यांना कागद मागण्याचा अधिकारच नाही, असं अमेरिकेचं म्हणणं. मुत्सद्द्याने कागद दाखवायला नकार दिला. वाद चिघळत गेला आणि २७ तारखेच्या संध्याकाळी पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या चेकपॉइंट चार्ली या नाक्याच्या एका अंगाला अमेरिकेचे दहाएक रणगाडे, दुसऱ्या अंगाला सोव्हिएत संघाचे दहाएक रणगाडे, तोफा एकमेकांवर रोखून उभे ठाकले. मधे अंतर शंभरेक मीटरचं. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सोव्हिएत रणगाडा काही मीटर मागे सरकला. मग एक अमेरिकी रणगाडा तेवढाच मागे. मग पुन्हा तिकडचा, पुन्हा इकडचा. सोळाएक तासांत सगळं आटोपलं. एकही गोळी सुटली नाही.

हा स्टँडऑफ. यात काय काय आहे ते बघा. समोरासमोर उभे असलेले पक्ष आहेत आणि कोण कुणासमोर उभं आहे यात संदिग्धता नाही. दोघांकडेही समोरच्याला जबर इजा करण्याची ताकद आहे. आणि दोघांनीही ती आवरून धरली आहे. हा तिसरा भाग लोक विसरतात. मुळात 'स्टँड ऑफ' या क्रियापदाचा अर्थच अंतर राखून उभं राहणं. जहाज किनाऱ्यापासून दूर राहतं तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद लागतं, आणि माणसांत न मिसळणाऱ्या, फटकून वागणाऱ्या माणसाला 'स्टँडऑफिश' म्हणतात तेही त्यातूनच. तेव्हा अंतर आणि आवर, या दोन्ही गोष्टी शब्दातच बसलेल्या आहेत. त्या जिथे नाहीत तिथे हा शब्द खोटा पडतो.

आता बेल्जियम घ्या. १३ जून २०१० ला तिथे निवडणूक झाली आणि सरकार शपथ घेऊन बसलं ते ६ डिसेंबर २०११ ला. ५४१ दिवस! डच बोलणारे पक्ष एका बाजूला, फ्रेंच बोलणारे दुसऱ्या बाजूला, आणि कोणतंच गणित जुळेना. याला स्टँडऑफ म्हणायचं का? नाही. कुणी कुणावर काही रोखलेलं नव्हतं. सगळे एका टेबलाशी बसत होते, बोलत होते, उठत होते, पण गाडं हलत नव्हतं. हा डेडलॉक, किंवा इम्पास. इम्पास हा फ्रेंचमधून आलेला शब्द, तिकडे पुढे बंद असलेल्या बोळाला तो वापरतात, म्हणून वाटाघाटींना तो चपखल बसतो. निकालावर एकमत न होणारी ज्युरीही 'डेडलॉक्ड' असते, स्टँडऑफमध्ये नसते. बारा माणसं एका खोलीत बसून डोकं खाजवतायत, त्यात धमकी कुठली?

स्टेलमेटची गोष्ट अजून वेगळी. शब्द बुद्धिबळातला. राजाला शह नाही, पण नियमाप्रमाणे खेळता येईल अशी एकही चाल उरलेली नाही, की डाव बरोबरीत. लक्षात घ्या, स्टेलमेटमध्ये लढाई चालू असू शकते. कोरियात १९५१ च्या मध्यापासून आघाडीची रेषा फारशी हललीच नाही, पण २७ जुलै १९५३ ला युद्धविराम होईपर्यंत माणसं रोज मरत होती. त्याला स्टेलमेट म्हणतात. त्याला स्टँडऑफ म्हणणं म्हणजे मेलेल्यांची थट्टा आहे, असं मला तरी वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. २४ ऑक्टोबर २०१९ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६. युतीला बहुमत, तरी सरकार बनेना, कारण मुख्यमंत्रिपद कुणाकडे यावरून दोन्ही पक्ष अडून बसले. त्या पहिल्या पंधरवड्यासाठी 'अ स्टँडऑफ बिट्वीन द बीजेपी अँड द शिवसेना ओव्हर द चीफ मिनिस्टर्स पोस्ट' हे वाक्य मी चालवून घेईन. दोनच पक्ष, समोरासमोर, आणि दोघांच्याही हातात युती मोडण्याचं हत्यार. पण १० नोव्हेंबरला भाजपने राज्यपालांना आम्ही सरकार बनवत नाही असं कळवलं, १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली, आणि मग बोलणी शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्यात गेली. या तिघांना तर एकत्र यायचं होतं! तिथे कुठला स्टँडऑफ? ते नुसतं 'टॉक्स'. फार तर राज्याच्या दृष्टीने 'पोलिटिकल डेडलॉक'. एकाच महिन्याच्या बातम्यांत शब्द असा बदलावा लागतो, कारण खाली परिस्थिती बदललेली असते.

या शब्दाचं भारतातलं सर्वांत मोठं घर म्हणजे चीनची सीमा. १६ जून २०१७ ला चिनी सैनिक रस्ता बांधायची यंत्रं घेऊन डोकलामच्या पठारावर आले, १८ जूनला भारतीय सैनिक पुढे सरसावले, आणि २८ ऑगस्टला दोन्ही देशांनी माघारीची घोषणा केली. ७३ दिवसांचा हा काळ सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांनी 'डोकलाम स्टँडऑफ' म्हणून छापला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात मात्र शब्द होता 'फेस-ऑफ': 'फेस-ऑफ साइट ॲट डोकलाम'. भारतीय इंग्रजीत, त्यातही लष्करी आणि सरकारी इंग्रजीत, फेस-ऑफ हा शब्द समोरासमोर आलेल्या तुकड्यांसाठी रुळलेला आहे. अमेरिकी वाचकाला त्यातून आधी आइस हॉकी आठवते, खेळ सुरू करताना दोन खेळाडूंच्या मधे चकती टाकतात ते. तुम्ही निवेदनाचा शब्द अवतरणात देत असाल तर तो जसाच्या तसा द्या. स्वतःच्या वाक्यात स्टँडऑफ लिहा, बाहेरच्या वाचकालाही कळतो.

मग २०२०. मे महिन्यात पूर्व लडाखमध्ये दोन्ही सैन्यं आमनेसामने आली. तो स्टँडऑफ. १५ जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात हाणामारी झाली, दगड आणि खिळे ठोकलेले दंडुके चालले, कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय सैनिक मारले गेले. चीनने आपले चार सैनिक मेल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये कबूल केलं. ती रात्र स्टँडऑफ नव्हती. ती 'क्लॅश' होती. 'ट्वेंटी सोल्जर्स डाइड इन अ स्टँडऑफ' असं वाक्य तेव्हा छापून आलेलं मी वाचलं आहे, आणि वाचून वैतागलो आहे. स्टँडऑफमध्ये कुणी मरत नाही, तो मोडला की मरतात. बरोबर वाक्य असं: 'द स्टँडऑफ एस्कलेटेड इन्टू अ डेडली क्लॅश.' 'एस्कलेटेड'नंतर 'इन्टू' आणि मग नवा शब्द. या छोट्याशा 'इन्टू'ने दोन अवस्था वेगळ्या राहतात. गंमत म्हणजे, त्या रात्रीनंतरही लडाखमधला स्टँडऑफ संपला नाही. इतर ठिकाणी सैन्यं तशीच समोरासमोर उभी राहिली आणि देपसांग, देमचोकबाबतचा समझोता जाहीर व्हायला २१ ऑक्टोबर २०२४ उजाडला. म्हणजे चार वर्षांच्या एका मोठ्या स्टँडऑफच्या पोटात एक क्लॅश घडून गेला.

आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नाला मात्र स्टँडऑफ म्हणू नका. तो 'डिस्प्यूट'. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि न्यायालयात पडून असलेलं काहीही स्टँडऑफ नसतं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तो 'अटॅक'. त्याच महिन्यात कोगनोळीला कोल्हापूरकडून निघालेल्या नेत्यांना आणि कार्यकर्त्यांना कर्नाटक पोलिसांनी अडवलं. तिथे दोन्ही बाजू जितका वेळ एकमेकांसमोर खोळंबून उभ्या होत्या, तितक्या वेळापुरता 'अ टेन्स स्टँडऑफ ॲट द बॉर्डर' खुशाल लिहा.

आता वाक्यरचनेकडे येऊ, कारण शब्द बरोबर निवडूनही वाक्य फसतं. वर्गात आलेलं एक वाक्य घेतो: 'सिन्स लास्ट फाइव्ह डेज स्टँडऑफ इज गोइंग ऑन बिट्वीन पोलीस अँड व्हिलेजर्स फॉर लँड.' एका ओळीत चार चुका, आणि चारही अस्सल मराठी. 'गेल्या पाच दिवसांपासून'मधलं 'पासून' डोक्यात असल्यामुळे 'सिन्स' आलं. इंग्रजीत 'सिन्स'पुढे आरंभाचा क्षण हवा, सोमवार किंवा १० जून. कालावधी असेल तर 'फॉर फाइव्ह डेज'. 'सुरू आहे'चं 'इज गोइंग ऑन' झालं, तिथे 'हॅज बीन' हवं. 'जमिनीसाठी'चं 'फॉर लँड' झालं, पण ज्या गोष्टीवरून अडलंय तिच्याआधी इंग्रजीत 'ओव्हर' लागतं. आपलं 'वरून' इथे नेमकं जुळतं, जमिनीवरून म्हणजे 'ओव्हर लँड', हे लक्षात ठेवलंत तर कधी चुकणार नाही. चौथी चूक मराठी माणसाची कायमची: स्टँडऑफच्या आधी 'अ' नाही. हे मोजता येणारं नाम आहे, एकवचनात उघडं सोडता येत नाही. दुरुस्त वाक्य: 'पोलीस अँड व्हिलेजर्स हॅव बीन लॉक्ड इन अ स्टँडऑफ ओव्हर लँड फॉर फाइव्ह डेज.' हे 'लॉक्ड इन अ स्टँडऑफ' तोंडात बसवून घ्या. 'बिट्वीन' वापरलंत तर त्याची जोडी 'अँड'शीच, 'विथ'शी नाही. एकाच बाजूने सांगायचं असेल तर 'इन अ स्टँडऑफ विथ द पोलीस'.

क्रियापदांचंही तसंच. मराठीत कोंडी फुटते, तिढा सुटतो, तणाव निवळतो. गाठ निवळत नाही आणि तणाव फुटत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत डेडलॉक 'ब्रेक' होतो, आपल्या कोंडीसारखाच. स्टँडऑफ 'एंड' होतो, 'रिझॉल्व्ह' होतो, आणि कुणी शहाणपणाने मिटवला तर 'डिफ्यूज' होतो. 'सॉल्व्ह' होत नाही, ते गणित. आणि सुरुवातीला तो 'ब्रोक आउट' होत नाही. युद्ध, दंगल, आग, रोगाची साथ या गोष्टी 'ब्रेक आउट' होतात. स्टँडऑफ 'बिगॅन' किंवा 'एन्स्यूड', बस. 'स्टँडऑफिंग' असलं काही लिहिलंत तर मी पुढचं वाचणार नाही.

जाता जाता एक सापळा. 'स्टँड-ऑफ अँटी-टँक मिसाइल' अशी बातमी आली की भाषांतर करणारा गोंधळतो. कोंडी करणारं क्षेपणास्त्र? डीआरडीओच्या 'सँट' या क्षेपणास्त्राच्या नावात हाच शब्द आहे. तिथे अर्थ दुरून मारा करणारं, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात न जाता सोडता येणारं. अंतर राखणं हा जुना अर्थ तिथे शाबूत आहे. रग्बीतला 'स्टँड-ऑफ हाफ' ही तर मैदानावरची जागा, तिचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: पोलिसांनी घराला वेढा घातला आणि आत बंदूकधारी आहे, तर 'सीज' की 'स्टँडऑफ'?)

चांगला प्रश्न आहे. दोन्ही चालतात, भर कशावर द्यायचा ते तुम्ही ठरवायचं. अमेरिकेत टेक्ससमधल्या वेकोत एका धार्मिक पंथाच्या वसाहतीभोवती १९९३ मध्ये २८ फेब्रुवारी ते १९ एप्रिल असे ५१ दिवस हेच चाललं होतं, आणि इंग्रजीत त्याला 'वेको सीज' म्हणणारेही आहेत, 'स्टँडऑफ' म्हणणारेही. वेढा घालणाऱ्याकडून बघितलं तर सीज, दोघांच्या मधे उभं राहून बघितलं तर स्टँडऑफ. पण पहिल्या दिवशी छापा पडला तेव्हा गोळीबारात दोन्हीकडची मिळून दहा माणसं मेली, तो 'शूटआउट', आणि शेवटच्या दिवशीच्या आगीला फक्त 'फायर' म्हणा. मधले दिवस स्टँडऑफचे.

(प्रश्न: मधे जोडरेघ द्यायची का?)

ब्रिटिश वळण 'स्टँड-ऑफ', अमेरिकी वळण सलग 'स्टँडऑफ'. तुमच्या कार्यालयाची शैलीपुस्तिका सांगेल ते करा. मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरं एवढं करू नका. आणि क्रियापद असेल तेव्हा दोन सुटे शब्द, तिथे जोडरेघही नाही आणि सलगही नाही.