कार्ब्युरेटर ठेवायचा की इंजेक्शन लावायचं? एका शेव्हेलची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची एप्रिलची सकाळ, मिशिगन. रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ अजून थोडा शिल्लक आहे, आणि गॅरेजचं शटर वर जातंय. आत जी निळी गाडी दिसतेय ती 1970 ची शेव्हर्ले शेव्हेल, दोन दारांची, 350 क्युबिक इंचाची व्ही-8, आपल्या हिशोबात 5.7 लिटर. नोव्हेंबरपासून जागची हललेली नाही. आता नीट ऐका हं. ॲक्सिलरेटर दोनदा दाबला, चोक बसला, किल्ली फिरवली... घर्रर्र... नाही. परत. नाही. चौथ्या वेळेला एक सिलिंडर पकडतो, मग दुसरा, मग आठही एकदम, आणि गॅरेजभर कच्च्या पेट्रोलचा वास.

हा वास माझ्या ओळखीचा आहे. साताऱ्याला आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, रविवारी बाबा अंगणात पेपर पसरून कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, खोलायचे, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल जायचा बारीक भोकाचा तुकडा, तोंडाशी धरून फुंकायचे आणि मला बजावायचे, तार खुपसू नकोस रे त्यात, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पीत बसते. त्या एका अंगणामुळेच बहुतेक मी इथे येऊन नवी गाडी घ्यायच्या ऐवजी पन्नास वर्षं जुनी मसल कार घेतली.

मसल कार म्हणजे काय, तर मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन. 1964 ची पॉन्टियॅक जीटीओ ही त्याची सुरुवात मानतात, 389 क्युबिक इंच, आणि ज्याला हवं त्याला तीन कार्ब्युरेटर रांगेत लावून 348 हॉर्सपॉवर. पुढे क्रायस्लरच्या 426 हेमीवर चार तोंडांचे दोन कार्ब्युरेटर आले, 1970 च्या शेव्हेलला 454 इंजिनात 450 हॉर्सपॉवरचा एलएस-6 मिळायचा. डेट्रॉइटपासून पॉन्टियॅक गावापर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू, तिथे सिग्नलला या गाड्या शेजारी शेजारी लागायच्या. आजही ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर त्यांची जत्रा भरते, 1995 पासून. तिथे उभं राहून कुठल्याही दोन मालकांचं बोलणं ऐका, दहा मिनिटांत विषय इथे येतोच, कार्ब ठेवलायस की इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, लावलंस?

माझ्याकडे गाडी आली तेव्हा ती नुसती त्रास द्यायची. आयडलिंगला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू असताना, खोकायची, सिग्नलवरून उचलताना झटका, प्लग काढला की काजळी, आणि मायलेज तर विचारू नका. मी ठरवूनच टाकलं होतं की इंजेक्शनचं किट मागवायचं आणि मोकळं व्हायचं. शेजारचे काका, ज्यांचं आख्खं आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलं, ते हातात व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन आत हवा किती जोरात ओढतंय ते दाखवणारं मीटर, घेऊन आले आणि म्हणाले पैसे नंतर खर्च कर, आधी हा काटा बघ.

हे बघा, हा तोच गेज. धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. माझा 12 वर होता आणि थरथरत होता. काकांनी कार्ब्युरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला तर इंजिनचा आवाज लगेच बदलला, म्हणजे पॅकिंगमधून हवा आत शिरत होती. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर उघडला तर ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवणारी वजनं गंजून जाम झालेली. यातली एकही गोष्ट कार्ब्युरेटरची नाही! इंजेक्शन लावलं असतं तरी गाडी तशीच खोकत राहिली असती, आणि मी किटला शिव्या घालत बसलो असतो.

हां, कार्ब्युरेटर पण चुकीचाच होता. आधीच्या मालकाने 750 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 750 घनफूट हवा सोडणारा, बसवला होता, मोठा म्हणजे चांगला अशा समजुतीने, आणि ही समजूत फार पसरलेली आहे. हिशोब सोपा आहे खरं तर. इंजिनचे क्युबिक इंच गुणिले जास्तीत जास्त आरपीएम भागिले 3456. 350 गुणिले 5500 भागिले 3456, उत्तर येतं 557, आणि रस्त्यावरचं इंजिन पूर्ण भरून हवा घेत नाही, 85 टक्के धरा, म्हणजे 470 च्या आसपास. 600 चा कार्ब्युरेटर भरपूर झाला. मोठं तोंड असलं की कमी वेगात हवा त्यातून रेंगाळत जाते, पेट्रोल खेचणारी ओढ तयार होत नाही, पेट्रोल नीट वर येत नाही, आणि नेमकं गावात चालवताना गाडी अडखळते.

मग जुन्या पार्टांच्या बाजारात हिंडून मी या गाडीचा मूळचा कार्ब्युरेटर, रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट, शोधला. त्याच्या अंगावर 7040 ने सुरू होणारा नंबर कोरलेला असतो, त्यावरून 1970 चा हे कळतं. याची खुबी म्हणजे पुढची दोन तोंडं अगदी लहान आणि मागची दोन भलीमोठी, त्यामुळे सावकाश चालवा तर काटकसर, आणि पाय पूर्ण दाबला की मागची उघडतात आणि जो आवाज येतो ना, तो मला शब्दांत सांगता येणार नाही.

तो क्वाड्राजेट बाबांनी आणि मी मिळून खोलला, बाबा तेव्हा इकडे आले होते. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या भागात, तळाला पांढरी पूड बसलेली. बाबांनी बोटावर घेऊन चोळली, म्हणाले हे आपल्याकडे नसायचं. ते इथेनॉलचं काम, इथल्या पेट्रोलमध्ये साधारण 10 टक्के असतं, ते हवेतली ओल ओढतं आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की आतला धातू खाल्ला जातो, जेटमध्ये डिंकासारखा थर बसतो. म्हणून कार्ब्युरेटर ठेवणाऱ्याने हिवाळ्याआधी पेट्रोल टिकवायचं औषध टाकून थोडा वेळ इंजिन चालवायचं, किंवा वाटी रिकामी करायची, यात आळस केला की एप्रिलला भोगावं लागतं. दोन दिवसांत कार्ब तयार झाला, काटा 18 वर जाऊन स्थिर, आणि तीन वर्षं त्या गाडीने मला कधी रस्त्यात सोडलं नाही.

काही लोकांना इंजेक्शन म्हणजे या गाड्यांचा बाट वाटतो, पण इतिहास तसा नाहीये. 1957 मध्येच शेव्हर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला रॉचेस्टरचं मेकॅनिकल इंजेक्शन मिळत होतं, 283 क्युबिक इंचातून 283 हॉर्सपॉवर. 1965 मध्ये त्याच कॉर्व्हेटला इंजेक्शनसाठी 538 डॉलर जास्त लागायचे आणि 375 हॉर्सपॉवर मिळायची, आणि तीनशे डॉलरच्या आत 396 चं मोठं इंजिन कार्ब्युरेटरसकट 425 हॉर्सपॉवर देत होतं. कोण घेणार मग इंजेक्शन? ते त्याच वर्षी बंद झालं. क्रायस्लरने तर 1958 मध्ये बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जेमतेम तीस-पस्तीस गाड्यांत लावून पाहिलं, त्या काळचे पार्ट टिकले नाहीत, बहुतेक गाड्यांना परत कार्ब्युरेटर बसवले. पण ती कल्पना पुढे बॉशकडे गेली आणि 1967 मध्ये फोक्सवॅगनमधून बाहेर आली. आणि नॅसकार या अमेरिकन कार शर्यतींमधली सगळ्यात वरची मालिका, तिथे 2011 पर्यंत कार्ब्युरेटरच होता, 2012 ला इंजेक्शन आलं.

मग माझ्या गाडीत ते का आलं? घाटामुळे.

आम्ही कोलोराडोला गेलो. डेन्व्हरच समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर, तिथे पिकअप थोडा मेला, चालायचंच. पण लव्हलँड पास 3655 मीटरवर आहे, तिथे हवा जवळपास एक तृतीयांशाने विरळ. कार्ब्युरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्याला फक्त ओढ कळते, म्हणजे हवा जितकी विरळ होते तितक्या प्रमाणात पेट्रोल कमी होत नाही आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर जाड होत जातं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. मागे काळा धूर, सेकंड गिअरमध्ये कण्हत चढण, आणि वर फोटोला थांबलो तर इंजिनच्या उष्णतेने वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलं, अर्धा तास गाडी सुरूच होईना. बायको आणि मुलगी थंडीत बाहेर उभ्या, आणि माझ्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. लहान जेट टाकता येतात, हो, पण खाली उतरलं की ते परत बदलायचे. या वेळेला दोष खरोखरच कार्ब्युरेटरचा होता आणि आम्हाला तर दरवर्षी डोंगरात जायचं होतं.

आता हे जे वर बसलंय ते कार्ब्युरेटरसारखं दिसतं, बसतंही त्याच जागी, पण आत चार इंजेक्टर आहेत. सायलेन्सरच्या पाइपला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर वेल्ड केलाय, तो जळालेल्या धुरावरून मिक्श्चर ओळखतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. क्युबिक इंच किती, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कसला, एवढं भरलं की पुढे ते चालता चालता शिकतं. मात्र सेन्सरच्या आधी पाइप कुठे फुटका असेल तर बाहेरची हवा आत येते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर ओतत सुटतो.

आणि खरं काम वर नाहीच, ते मागे टाकीत आहे. कार्ब्युरेटरला पेट्रोलचं 6 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) प्रेशर पुरतं, याला 58 लागतं. जुना रबरी पाइप त्या प्रेशरला फुटला तर गरम इंजिनवर पेट्रोलचा फवारा उडेल, त्यामुळे पाइप, क्लॅम्प सगळं इंजेक्शनच्या दर्जाचंच हवं, इथे पैसे वाचवू नका, कळकळीने सांगतोय. मी ज्या वर्कशॉपमध्ये काम दिलं त्यांनी पंप गाडीखाली बाहेरून लावला, तो सतत किंचाळायचा, आणि टाकी पावच्या खाली गेली की वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढायचा, गाडी भर वळणात बंद. शेवटी टाकीच नवी घेतली, आत पंप असलेली, तेव्हा कुठे शांतता झाली. चांगला कार्ब्युरेटर 500 डॉलरच्या आसपास येतो, माझं हे सगळं प्रकरण 2500 च्या पुढे गेलं.

म्हणून गाडी महिन्यातून दोनदा सपाट रस्त्यावर निघणार असेल तर मी तरी कार्ब्युरेटरच ठेवीन आणि व्हॅक्यूम गेज घेईन. आणि ज्यांच्याकडे मूळ नंबरांची, म्हणजे कारखान्यातूनच त्या इंजिनासकट आलेली, हेमी किंवा एलएस-6 आहे त्यांनी तर पाइपला भोकसुद्धा पाडू नये.

पुढच्या वर्षी लव्हलँड पासवर परत थांबलो, फोटो काढले, किल्ली फिरवली. टाकीतून दोन सेकंद बारीक गुणगुण, आणि गाडी सुरू.

क्वाड्राजेट मी विकलेला नाही. बाबा नंतर पुन्हा इकडे आले तेव्हा परत जायच्या आधी त्यांनी तो एकदा धुतला, जेटमधून फुंकून बघितलं, आणि साताऱ्याहून येताना चपला ज्या मराठी पेपरात गुंडाळून आणल्या होत्या त्याच पेपरात तो गुंडाळून डब्यात ठेवला. हा बघा, वरच्या फळीवर. गाडी कधी दुसऱ्याकडे गेलीच तर हा डबाही बरोबर जाणार.