तिजोरी उघडीच होती

7 सप्टेंबर 1876, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं नॉर्थफील्ड गाव. दुपारचे दोन वाजत आलेत आणि गावात आठ अनोळखी घोडेस्वार शिरलेत, अंगात लांब सुती डगले आणि डगल्यांखाली रिव्हॉल्व्हर. जेसी जेम्स, त्याचा भाऊ फ्रँक, यंगर घरातले तिघे सख्खे भाऊ आणि आणखी तिघं. दहा वर्षं बँका आणि रेल्वे लुटून हात बसलेली टोळी. तिघं फर्स्ट नॅशनल बँकेत गेले, बाकीचे बाहेर पहाऱ्याला.

ही गोष्ट सांगताना लोक इथून थेट गोळीबारावर उडी मारतात. थांबा जरा, आधी आत बघू.

कॅशियर बाहेरगावी होता म्हणून त्या दिवशी त्याचं काम जोसेफ ली हेवूड बघत होता. यादवी युद्ध लढून आलेला माणूस, पण त्या क्षणी हातात काही म्हणजे काही नाही. तिजोरी उघड म्हणाले, तर हा म्हणाला टाइमलॉक लागलंय, म्हणजे ठरलेल्या वेळेलाच सुटणारं घड्याळाचं कुलूप, उघडत नाही. साफ खोटं! तिजोरीचं दार नुसतं लोटलेलं होतं, कुलूप लावलेलंच नव्हतं. त्याला मारलं, गळ्यावर सुरी फिरवली, घाबरवायला डोक्याशेजारी गोळी झाडली, तरी त्याचं एकच, उघडत नाही. आणि तिघांपैकी एकालाही हँडल ओढून बघायचं सुचलं नाही.

या ओढाताणीत जी काही मिनिटं गेली ना, तेवढ्यात बाहेरचं चित्र पार पालटलं. जे. एस. ॲलन नावाचा हार्डवेअरवाला बँकेत डोकवायला गेला, पहाऱ्यावरच्याने त्याची कॉलर धरली, तो झटका देऊन सुटला आणि ओरडत सुटला की बंदुका काढा, बँक लुटतायत. आणि तेव्हाच्या हार्डवेअर दुकानात खिळे-बिजागऱ्यांच्या शेजारी बंदुका आणि काडतुसं पण विकायला असायची, त्यामुळे शस्त्रं आणायला कुणाला लांब जावं लागलं नाही, ॲलनने दुकानातल्याच बंदुका लोकांच्या हातात दिल्या.

मॅनिंग नावाचा दुसरा हार्डवेअरवाला रायफल घेऊन कोपऱ्याच्या आडून मारत होता, मध्येच रायफलीत काडतुसाची पुंगळी अडकली, तर हा दुकानात गेला, ती ठोकून काढली आणि परत कोपऱ्यावर हजर. समोरच्या हॉटेलच्या वरच्या खिडकीत हेन्री व्हीलर, सुट्टीत घरी आलेला मेडिकलचा विद्यार्थी, हातात कुणाचीतरी जुनी लष्करी कार्बाइन आणि मोजकी काडतुसं. एकाकडे पक्षी मारायच्या छऱ्यांची बंदूक होती. ज्यांच्याकडे तीही नव्हती त्यांनी दगड फेकले.

यातला कुणी रस्त्याच्या मधोमध छाती काढून उभा राहिला नाही हे लक्षात घ्या. खिडकी, जिना, भिंतीचा कोपरा, सगळे आडोशाला. उघड्यावर होते ते लुटारू, तेही बिथरलेल्या घोड्यांवर.

साधारण सात मिनिटांत संपलं. दोन लुटारू जागीच मेले, बाकीच्यांतले बरेच जखमी. पण बाहेर पडता पडता त्यांनी हेवूडला डोक्यात गोळी घातली. आणि निकोलस गुस्ताफसन म्हणून एक स्वीडनहून आलेला माणूस रस्त्यावर गोळीबारात सापडला, त्याला इंग्रजी कळत नव्हतं असं सांगतात, तो काही दिवसांनी गेला. लूट किती मिळाली? 26 डॉलर 60 सेंट.

पुढे दोन आठवडे शेकडो हत्यारबंद लोक पावसाचिखलात टोळीला शोधत फिरले आणि टोळी कित्येकदा त्यांच्या हातातून निसटली. शेवटी मॅडेलियाजवळ एका शेतकऱ्याच्या पोराने त्यांना ओळखून बातमी पोचवली म्हणून तिघे यंगर सापडले. जेम्स बंधू सुटलेच. म्हणजे नुसत्या बंदुका आणि माणसं गोळा करून भागत नाही, आणि मला तर वाटतं नॉर्थफील्डचा खरा निकाल बँकेच्या आतच लागला होता.

हा योगायोग म्हणावा, तर 16 वर्षांनी कॅन्ससमधलं कॉफीव्हिल बघा. 5 ऑक्टोबर 1892, सकाळची वेळ. डाल्टन भावांपैकी तिघं आणि दोन साथीदार, एकाच वेळी दोन बँका लुटायचा बेत. हे याच भागात राहिलेले, म्हणून ओळखू येऊ नये म्हणून खोट्या दाढ्या लावलेल्या. पण रस्त्याचं काम चालू असल्यामुळे घोडे बांधायचे खांबच काढलेले, मग घोडे लांब एका गल्लीत बांधावे लागले. आणि दाढ्यांचाही उपयोग झाला नाही, दुकानासमोर उभ्या असलेल्या एकाने त्यांना ओळखलंच.

कॉन्डन बँकेत कॅशियर चार्ल्स बॉल. तिजोरी उघड म्हटल्यावर त्याने पण तेच सांगितलं, टाइमलॉक आहे, अजून वेळ व्हायचीय. ते लॉक केव्हाच सुटलेलं होतं! आणि ग्रॅट डाल्टन म्हणाला ठीक आहे, थांबतो आम्ही. थांबला खरंच. तेवढ्या वेळात चौकातल्या आयशमच्या हार्डवेअर दुकानातून रायफली वाटल्या गेल्या, आणि या दुकानातून ती घोड्यांची गल्ली सरळ समोर दिसायची.

पाचपैकी चार लुटारू मेले. एमेट डाल्टन तेवढा वाचला, अंगावर 23 जखमा, पुढे जन्मठेप झाली, 1907 मध्ये माफी मिळाली आणि कॅलिफोर्नियात जाऊन त्याने घरं विकायचा धंदा केला.

गावाचेही चार गेले. मार्शल, म्हणजे गावचा पोलीस अधिकारी, कॉनेली, दुकानात काम करणारा ल्यूशस बाल्डविन, आणि क्युबाइन आणि ब्राऊन हे दोघं जोडे शिवणारे. क्युबाइन पडल्यावर त्याची रायफल उचलायला ब्राऊन पुढे झाला आणि तिथेच त्याला गोळी लागली. सिनेमावाले एमेटच्या 23 जखमा रंगवून सांगतात, या दोघांची नावं सहसा कुणी घेत नाही.

त्यानंतर दोन्ही बँकांनी पैसे मोजले. कॉन्डन बँकेत 20 डॉलर कमी भरले, आणि दुसऱ्या बँकेत, म्हणजे कॉफीव्हिलच्या फर्स्ट नॅशनलमध्ये, उलट 1 डॉलर 98 सेंट जास्त निघाले असं सांगितलं जातं.