ठाण्याचे डॉक्टर आणि पुलावरची माणसं

नमस्कार ठाणेकर मंडळी! आज चित्रांबद्दल बोलणारे, पण घाबरू नका, चित्रातलं मला काही कळत नाही, बावीस वर्षं ठाणे-सीएसएमटी लोकलचा पास काढला एवढंच माझं क्वालिफिकेशन.

तर २०२० चा जानेवारी, लॉकडाऊनच्या जरा आधी. लेकीला कॉलेजची असाइनमेंट होती म्हणून तिच्याबरोबर रीगल सिनेमाजवळच्या एनजीएमएला, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला गेले, तो जुना कावसजी जहांगीर हॉल. इतक्या वर्षांत किती वेळा त्याच्यासमोरून गेले असेन, आत कधी पाय ठेवला नव्हता, वाटायचं तिथे आपलं काय काम.

आत चित्रकार सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. आणि बघते तर काय, लोकलमधली माणसं, इराण्याकडे बसलेली, रेल्वेच्या पुलावरची, कुणी पोज देत नाहीये, जड खांदे, थकलेल्या पाठी, अगदी आपला सात-दहाचा डबा. मी तर ओळखीचं कुणी दिसतंय का तेच शोधत होते!

लेक मोबाइलवर वाचत होती, एकदम ओरडली, अगं आई, हे ठाण्यातले आहेत! पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईला आले, मग ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, २००५ पर्यंत प्रॅक्टिस आणि चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेले. आता कोण जाणे, हे ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी आजोबांचा एक्स-रे त्यांनी बघितला असेल. एक्स-रेवाला माणूस म्हणून त्यांना आतलं दिसतं असं म्हणायचा मोह होतो, पण मला नाही पटत, ते बाहेरचंच इतकं नीट बघतात की आत शिरायची गरजच पडत नाही.

त्यांचं १९९१ चं एक चित्र आहे, नाव ‘पोखरण’. आपलं ठाण्यातलं पोखरण हो, राजस्थानातलं नाही. त्यांची ही शहराची मोठी चित्रं बघताना मजा होते, एका कोपऱ्यात आपण वरून बघतोय, दुसऱ्यात रस्त्यावर उभे आहोत, नजर एका जागी ठरतच नाही. मला आधी वाटलं चुकलंय काहीतरी, मग लक्षात आलं की आपण चालताना असंच तर बघतो, मान वळवत, तुकड्यातुकड्यांत.

आणि हो, हे राहिलंच, २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ म्हणून इतर चित्रकारांची चित्रं महाराष्ट्रातल्या शहरांत फिरवली होती. दुसऱ्यांची चित्रं घेऊन गावोगाव जायचं, हे मला फार आवडलं.

परतताना ठाण्याला उतरलो, पूल चढलो आणि मी मध्येच थांबले, म्हटलं बघू तरी कोण कसं चालतंय. एक बाई उजव्या खांद्यावरची पर्स डावीकडे घेत होती, तिच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलेला. तेवढ्यात मागून आवाज, ओ ताई, चला ना पुढे, गाडी जाईल आमची!