बुरशीला आयतं घालू नका

मंडळी, मे महिन्यात कॅनिंगच्या फॅक्टरीमागे जो वास सुटतो तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाला सांगायला नको. आंब्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी जवळजवळ निम्मा, सालं आणि कोयीच असतात, त्यात काजूची बोंडं, गोव्यात त्यांची फेणी तरी होते, आपल्याकडे बरीचशी बागेतच कुजतात, आणि भाताचा पेंढा, तूस, नारळाची सोडणं वेगळीच. आता हे कुजतं म्हंजे कोणीतरी ते खातंय ना? तर बुरशी खातेय, आणि बुरशीला पोट नाही, त्यामुळे ती पचवायचा रस अंगाबाहेर सोडते, बाहेरच सगळं विरघळवते आणि मग शोषून घेते. तो रस म्हंजे एन्झाईम, आणि आपल्या टाकाऊ मालावर बुरशी वाढवून तो काढायचा आणि विकायचा, हाच आपला विषय. बाहेर सोडते म्हणूनच तो आपल्याला धुवून काढता येतो, नाहीतर बुरशी फोडत बसावं लागलं असतं.

ही काही कालची टेक्नॉलॉजी नाही हां. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी माणसाने 1894 मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं, गव्हाच्या कोंड्यावर ॲस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढवायची आणि त्यातून स्टार्च पचवणारं एन्झाईम काढायचं, पुढे ते अपचनावर औषध म्हणून दुकानात विकलं गेलं. कोंडा, पाणी, बुरशी, बस्स. आजही ओल्या कोंड्यावरची पद्धत मुळात तीच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू, कपडे सडायला लागले (जुलैमध्ये आपल्या कपाटात काय होतं आठवा), त्यातून जी बुरशी सापडली तिचं नाव पुढे एल्विन रीझ या संशोधकावरून ट्रायकोडर्मा रीझाय पडलं, आणि आज जीन्स मऊ करायला, कपड्यांच्या पावडरीत वगैरे जे सेल्युलेज, म्हंजे सुताचा-पेंढ्याचा धागा ज्याचा असतो ते सेल्युलोज तोडणारं एन्झाईम, लागतं त्यातलं बरंचसं त्या एका नमुन्याच्या वंशजांकडून येतं. तुम्ही मुळकुजीसाठी पाकीट आणता ते ट्रायकोडर्मा याच घराण्यातलं, पण जात बहुधा वेगळी, ते टाकून सेल्युलेज मिळेल असं धरून चालू नका.

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात आंब्याची सालं फुकट आहेत, टाकू बुरशी, होईल पेक्टिनेज, म्हंजे फळाचा गर धरून ठेवणारं चिकट पेक्टिन विरघळवणारं एन्झाईम. ॲस्परजिलस नायजर सालीवर झकास वाढते, काळीभोर होते, आणि रस तपासला तर एन्झाईम नावापुरतं! कारण सालीला चिकटलेल्या गरात साखर आहे. बुरशी घरजावयासारखी आहे, आयतं ताटात मिळतंय तोवर हात हलवत नाही. साखर संपली, समोर नुसतं पेक्टिन उरलं, की मग एन्झाईम सोडते. म्हणून सालं आधी पाण्यातून काढा, वाळवा, भरडा, थोडा कोंडा मिसळा. पेंढ्याचं उलट, तिथे साखर सेल्युलोजमध्ये बंद, वर लिग्निन आणि सिलिकाचं कवच, मग चुन्याच्या किंवा कॉस्टिकच्या पाण्यात भिजवून ते सैल करावं लागतं आणि त्या पाण्याची सोय कुठे करायची हा खर्च कोणी धरतच नाही.

पण धंदा बुडतो तो गरमीने. माल साठ-पासष्ट टक्के ओला, वाफेवर निर्जंतुक केलेला, ट्रेमध्ये पसरला, दुसऱ्या दिवशी बुरशीने जोर धरला की ती स्वतःच तापते. तिला अठ्ठावीस-तीस डिग्री हवी, थर जाड असला तर आतलं टेम्परेचर पंचेचाळीसच्या वर जातं आणि बुरशी स्वतःच्याच उबेने मरते. ट्रेमध्ये थर दोन-तीन बोटांचा, त्याहून जास्त नाही. आणि चार-पाच दिवसांत काढून घ्या, ती बी धरून खोलीभर उडायला लागली की छातीला त्रास, मास्क लावाच.

मघाशी काकांनी विचारलं, विकायचं कोणाला? हापूसच्या पल्पला पेक्टिनेज नकोच आहे, तो दाट म्हणूनच त्याला भाव. बोंडाचा, जांभळाचा रस नितळ करायला हवं, पण खाण्यात जाणार तर बुरशीची जात खात्रीची हवी, कुठलीही रानटी उचलली आणि ती अफलाटॉक्सिन नावाचं विष करणारी ॲस्परजिलस फ्लेवस निघाली तर संपलंच, शिवाय एफएसएसएआयचे, म्हंजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचे, नियम. म्हणून माझं मत, पहिली काही वर्षं खाण्याच्या वाटेला जाऊ नका, काथ्यासाठी सोडणं महिनोन् महिने खाडीत कुजत ठेवतात तिथे हा कच्चा रस लावून बघा. आणि विकताना लिटरवर नाही, ॲक्टिव्हिटीच्या युनिटवर, म्हंजे एन्झाईम किती काम करतं त्या मापावर, भाव ठरतो, तेव्हा दापोलीला कृषी विद्यापीठात नाहीतर जवळच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडे आधी विचारा, टेस्ट करून देतात का.

पावसाळ्यात चालेल का? चालेल, उलट हवा थंड असते. पण नको त्या बुरशीलाही तीच हवा मानवते, म्हणून खोली बंद, आणि सालं मात्र मिरगाच्या आत कडक वाळलेली पाहिजेत.