फ्रेडचा फॅन्सी ड्रेस आणि रेडिओचा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रेड फ्लिंटस्टोनची ओळख करून द्यायला नको. अश्मयुगातल्या बेडरॉक गावात राहणारा, दगडी चाकांची मोटार पायांनी पळवणारा, मोठ्या आवाजाचा आणि थोड्या अकलेचा गृहस्थ. १९६० ते १९६६ या काळात अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ही मालिका रात्री लागायची, मोठ्या माणसांसाठी. आपल्याकडच्या पोरांना फ्रेड भेटला तो नव्वदच्या दशकात, कार्टून नेटवर्कवर.

तर या मालिकेच्या सहाव्या पर्वातला, १९६५ सालचा एक भाग. फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी ज्या वॉटर बफेलो लॉजचे सभासद आहेत, तिथं फॅन्सी ड्रेस पार्टी ठरते. फ्रेड अंतराळातल्या माणसाचा पोशाख चढवतो. त्याच वेळी गावातला रेडिओ ओरडत असतो, वे-आउट्स येताहेत, वे-आउट्स येताहेत! हे वे-आउट्स म्हणजे गाणाऱ्या पोरांचा नवा बँड, आणि ती निव्वळ जाहिरात. पण गाव ऐकतं अर्धवट. लोकांना वाटतं, आकाशातून कुणीतरी चाल करून येतंय. आणि नेमका त्याच वेळी हा गृहस्थ त्या वेषात रस्त्यावर!

पुन्हा सांगतो, कारण मध्येच कुणाच्या कुकरची शिट्टी झाली असेल. जाहिरात बँडची, गावाने ऐकली स्वारी परग्रहवासीयांची, आणि सापडला बिचारा फ्रेड.

फ्रेडचा आवाज ॲलन रीडचा, बार्नीचा मेल ब्लँकचा. दोघंही रेडिओत मुरलेले नट. म्हणून ही मालिका डोळे मिटूनसुद्धा कळते. आजची कार्टून्स एकदा डोळे मिटून ऐका. नुसती आदळआपट. असो.

आता, हा गोंधळ लिहिणाऱ्यांना सुचला कुठून, हे अमेरिकेतल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. घरातल्या थोरल्यांना ती रात्र आठवत होती. ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्रीचे आठ.

न्यूयॉर्कमध्ये सीबीएस रेडिओवर एक नाटक सुरू झालं. दिग्दर्शक आणि मुख्य नट ऑर्सन वेल्स, वय वर्षं अवघं तेवीस. गोष्ट मंगळावरून पृथ्वीवर झालेल्या हल्ल्याची, एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या चाळीस वर्षं जुन्या कादंबरीवरून घेतलेली. लेखक वेगळा, नट वेगळा, नात्याचे नाहीत. पण नाटक नाटकासारखं सुरूच झालं नाही. हवामानाची बातमी झाली. मग एका हॉटेलातून नाचाचं संगीत. आणि संगीत मध्येच तोडून निवेदक म्हणतो, आत्ताच हाती आलेली बातमी. मंगळावर स्फोट दिसले. पुन्हा संगीत. पुन्हा बातमी. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल नावाच्या खेड्यात काहीतरी कोसळलंय!

हे खेडं निवडलं कसं? नाटकाची संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉखने नकाशावर डोळे मिटून पेन्सिल टेकवली. जिथं टोक, तिथं मंगळ.

तिथला बातमीदार झालेला नट, फ्रँक रेडिक. त्याने आदल्या वर्षीच्या हिंडेनबर्ग या वायू भरलेल्या, फुग्यासारख्या हवाई जहाजाच्या अपघाताचं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. ते हवाई जहाज पेटताना बघून खऱ्या निवेदकाचा आवाज कसा फाटला, ते त्याने उचललं. तो सांगतोय, सांगतोय, आग पसरतेय, माझ्याच दिशेने...

आणि शांतता. काही सेकंद, काहीही नाही.

मंडळी, मी इथं एवढा वेळ गप्प बसलो तर ड्यूटी रूममधून माणूस धावत येईल. रेडिओवर किंकाळीपेक्षा शांततेची भीती जास्त.

हे नाटक आहे, असं त्या तासाभरात चार वेळा सांगितलं होतं. पण पहिली सूचना बऱ्याच जणांच्या कानावर पडलीच नाही. ते दुसऱ्या स्टेशनवर एडगर बर्गन ऐकत होते. बर्गन कोण? बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा, आपल्या पाध्यांच्या अर्धवटरावांच्या जातकुळीतला. रेडिओवर, जिथं ओठ हलले तरी कुणाला दिसत नाहीत! आणि तरीही देशातला सगळ्यात लाडका कार्यक्रम. तिथलं गाणं लागलं की लोक बटण फिरवणार, आणि येऊन पडणार थेट मंगळवाल्यांच्या तावडीत.

पोलीस ठाण्यांचे, वर्तमानपत्रांचे फोन खणखणू लागले. दुसऱ्या दिवशी मथळे आले, देशभर घबराट! अभ्यासकांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की लोक घाबरले हे खरं, पण देशभर वगैरे काही नाही. रेडिओ आपल्या जाहिराती पळवतोय म्हणून वर्तमानपत्रं आधीच चिडलेली. त्यांनी हात धुऊन घेतले. मी रेडिओचा माणूस, तेव्हा माझं मत काय ते ओळखा.

आणि कार्यक्रम संपताना वेल्स काय म्हणाला? दुसऱ्या दिवशी हॅलोवीन, म्हणजे तिकडे सोंगं घ्यायचा सण. तो म्हणाला, अंगावर चादर ओढून, झुडपामागून उडी मारून भॉक करतात ना, त्याचीच ही रेडिओची आवृत्ती समजा. म्हणजे त्या रात्री फॅन्सी ड्रेस घातला होता तो खुद्द रेडिओने, आणि वेष घेतला होता बातम्यांचा. बेडरॉकमध्ये लेखकांनी तोच वेष उचलून फ्रेडच्या अंगावर चढवला.

वेल्सच्या कार्यक्रमाला तोवर एकही जाहिरातदार नव्हता. त्या रात्रीनंतर कॅम्पबेल सूप कंपनी धावत आली, आणि डिसेंबरपासून कार्यक्रमाचं नावच कॅम्पबेल प्लेहाउस झालं. बेडरॉकमध्ये जाहिरात बँडची झाली, न्यूयॉर्कमध्ये सुपाची. फ्रेडला काय मिळालं, तर पळापळ.

माझी वेळ संपली. यानंतर ऐका बातम्या. खऱ्याखुऱ्या.