मर्क्यूरिअल म्हणजे रागीट? नाही हो!

तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का, ज्याच्याशी बोलायला जाण्याआधी चौकशी करावी लागते, ‘आज स्वारीचा मूड कसाय?’ अशा माणसाला आपण ‘क्षणे रुष्टा, क्षणे तुष्टा’ म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी एक झकास विशेषण आहे: मर्क्यूरिअल. जोर ‘क्यू’वर द्यायचा, ‘मर्’वर नाही.

या शब्दामागे एक नाही, तीन मर्क्युरी आहेत. पहिला रोमन देवांचा निरोप्या, पंखांचे जोडे घालून भिरभिरणारा. व्यापाऱ्यांचा देव तोच आणि चोरांचाही तोच, हे मला भारी आवडतं! दुसरा आपला बुध ग्रह. सूर्याभोवतीची फेरी 88 दिवसांत उरकतो. आकाशात एवढा भरभर सरकतो, म्हणून त्या चपळ देवाचं नाव याला मिळालं. तिसरा पारा. उणे 39 अंशांच्या आसपास गोठणारा धातू, म्हणजे एरवी पातळच. सांडला की गोळ्या होऊन पळतो. (हात लावू नका, विषारी आहे.)

पूर्वी मर्क्यूरिअल म्हणजे बुधाच्या प्रभावाखाली जन्मलेला: बोलका, हजरजबाबी, जरा लबाडही. तो रंग अजून उडालेला नाही. ‘मर्क्यूरिअल जीनियस’ म्हटलं की त्यात कौतुक असतं आणि तक्रारही. आज एकहाती सामना जिंकून देणारा खेळाडू, उद्या मैदानात असून नसल्यासारखा.

आता मराठी माणूस हमखास फसतो ती जागा. आपल्याकडे ‘पारा चढला’ म्हणजे राग आला, म्हणून मर्क्यूरिअल म्हणजे रागीट असं वाटतं. पण आपला पारा थर्मामीटरमधला, वर चढणारा. इंग्रजीतला हातातून निसटणारा. जो बारा महिने चिडलेलाच असतो तो मर्क्यूरिअल कसला? त्याचं तर आधीच सांगता येतं!

‘एव्हर-चेंजिंग’ (सतत बदलणारा) हा शब्द वेगळा. तो बदल सतत चालतो, पण संथही असू शकतो. भाषा एव्हर-चेंजिंग असते. बाजारातले भाव झपाट्याने वरखाली होत असतील तर ‘व्होलटाइल’ (अस्थिर) म्हणा. मर्क्यूरिअल मुख्यतः माणसाला, त्याच्या स्वभावाला, मूडला. ‘माय बॉस इज मर्क्यूरिअल’ हे वाक्य बरोबर आहे, फक्त बॉस आसपास नाही ना ते बघून म्हणा.

आणि जुन्या वैद्यकीय पुस्तकात ‘मर्क्यूरिअल ऑइंटमेंट’ दिसलं तर गोंधळू नका. ते मलम लहरी नाही, त्यात खरोखरचा पारा आहे.