माहीत होतं, की माहीत असायला हवं होतं?

मंडळी, आपल्या दंड संहितेच्या मराठी पुस्तकात एक अगदी घरातला शब्द आहे, हयगय. आई सांगते ना, औषधाची हयगय करू नकोस, तोच. १८६० साली संहिता झाली तेव्हा हयगयीने झालेल्या मृत्यूचं कलम तिच्यात नव्हतं. मेकॉलेने लिहिलेल्या संहितेच्या मूळ मसुद्यात ते होतं, पुढे गळालं. १८७० मध्ये ३०४ अ म्हणून ते परत आलं, जास्तीत जास्त दोन वर्षांच्या कैदेसह. आज दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ते १०६ आहे आणि कमाल शिक्षा पाच वर्षांची, डॉक्टरांसाठी मात्र दोनच.

वकील मंडळी भांडतात ती या कलमाच्या कुंपणावर. कुंपणापलीकडे सदोष मनुष्यवध आहे, तिथे दहा वर्षं आणि त्याहून जास्तही. पलीकडे ढकलायचं तर आरोपीला जाणीव होती हे दाखवावं लागतं. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो, ही जाणीव.

नोव्हेंबर २००६, बांद्र्याचा कार्टर रोड. पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण गेले. चालक दारू प्यायलेला. सत्र न्यायालयाने हयगय धरली आणि सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या जानेवारीत ते कायम केलं. शिक्षा तोकडी आहे असंही म्हटलं, पण सरकारने ती वाढवून मागितलेलीच नव्हती!

आता बर्लिनला चला. जर्मन कायद्यात हयगयीला शिक्षा फक्त कायद्याने तसं स्पष्ट म्हटलं असेल तिथेच. मृत्यू झाला तर कमाल पाच वर्षं. त्यांच्याकडची रेघ आपल्या बोलीत सांगतो. धोका दिसत असताना एक जण म्हणतो, ‘काही होत नाही रे!’ ही हयगय. दुसरा म्हणतो, ‘झालं तर झालं!’ हा हेतू मानतात. २०१६ मध्ये दोन तरुणांनी रात्री भर शहरात शर्यत लावली, लाल दिवे तोडले, आणि दुसऱ्या गाडीतला ६९ वर्षांचा माणूस मेला. खालच्या कोर्टाने खून ठरवून दोघांना जन्मठेप दिली. २०१८ मध्ये वरच्या कोर्टाने ती रद्द केली. मुद्दा सुरेख होता: ‘झालं तर झालं’ हे मनात आलं कधी? चौकात शिरल्यावर, ब्रेक दाबूनही उपयोग नाही अशा क्षणी आलं असेल, तर त्या मनाने काही केलंच नाही. फेरसुनावणीनंतर २०२० मध्ये एकाची खुनाची शिक्षा टिकली. काटेकोरपणा म्हणतात तो हा. मला तो आवडतो, भले निकाल पटो न पटो.

इंग्लंड मनात डोकावण्याच्या भानगडीत फारसं पडत नाही. तिथे १९९४ चा भूलतज्ज्ञाचा खटला पाहा. शस्त्रक्रियेत प्राणवायूची नळी निसटली, ती त्याच्या लक्षातच आली नाही, रुग्ण गेला. लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय, म्हणाले, चूक गुन्हा ठरण्याइतकी वाईट होती का, ते ज्यूरीने ठरवावं. म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचं? तर ज्याला ज्यूरी गुन्हा म्हणेल त्याला! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये डॉक्टरांपुरती अशीच ‘घोर’ हयगयीची अट घातली, कलमात तो शब्द नसताना.

पण माणूस एकटा नसेल, कंपनी असेल तर? १९८७ साली बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघालेली ब्रिटिश फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने उलटली. १९३ मृत्यू. दरवाजे लावायचे तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता. चौकशी अहवालाने मात्र लिहिलं की गलथानपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत आहे. तरीही मनुष्यवधाचा खटला कोसळला, कारण सगळा दोष एका वरिष्ठाच्या डोक्यावर ठेवता येईना. अखेर त्यांनी २००७ मध्ये वेगळा कायदा केला, ज्यात डोकं शोधावं लागत नाही. वरिष्ठांनी कारभार कसा चालवला ते बघतात. जर्मनीत आजही कंपनी गुन्हेगार ठरू शकत नाही, आणि आपल्याकडे असा कायदा नाही.

म्हणूनच भोपाळ, १९८४ ची ती विषारी वायूची गळती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप काढला. त्या रात्री कारखाना चालवल्याने माणसं मरतील अशी जाणीव आरोपींना होती, असं दाखवणारं काही प्रथमदर्शनी नाही, असं म्हणून. उरली हयगय. २०१० मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, जामीन त्याच दिवशी. देशभर संताप झाला, तेव्हा १९९६ चा निर्णय फिरवा म्हणून सीबीआय पुन्हा गेली. मे २०११ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. इतक्या उशिराचं समाधानकारक कारण दिलेलं नाही, म्हणून. त्यानंतर आठ महिन्यांनी त्याच न्यायालयाचा बांद्र्याचा निकाल आला. त्यात जाणीव सापडली.